वाफे उकरणारा चिकू

प्रश्न : आमचा चिकू दीड वर्षाचा डॅशहंड जातीचा कुत्रा आहे. रंगपंचमी झाल्यापासून त्यानं गुलाबाच्या वाफ्यांची पार वाट लावलीय. त्याच आठवड्यात झाडांना पेंड आणि हाडांचा चुरा घातला होता, तोही वाया गेला. संध्याकाळी ऑफिसमधून आले की त्याला खड्ड्यापाशी नेऊन दटावते. तो कान पाडून बसतो, म्हणजे चूक कळत असणार ना? दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच! शेजारच्या काकू म्हणतात, मातीत मिरचीपूड टाका. टाकू का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : मिरचीपूड अजिबात नको. ती पंजाला लागते, तोच पंजा डोळ्यावरून फिरतो आणि रात्री अकराला माझा फोन वाजतो.

ताई, आधी सांगा, पेंड कसली होती? निंबोळी की एरंडी? एरंडाच्या बीत रिसिन नावाचं जहाल विष असतं आणि ते पेंडीतही उरू शकतं. कुत्र्यांना मात्र ती पेंड भलतीच आवडते. उलट्या, रक्ताची हगवण हा प्रकार काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी सुरू होतो, तोवर घरच्यांना पेंड आठवतही नाही. एरंडी असेल तर आजच वरची माती काढून टाका. आणि पुढे कधी चिकूनं ती खाल्ल्याची नुसती शंका आली, तरी उलटीची वाट न बघता डॉक्टर गाठा.

हाडांचा चुरा तुमच्या लेखी झाडांचा फॉस्फरस. चिकूच्या नाकाला मात्र कुणीतरी मटण पुरून ठेवल्यासारखं वाटतं. तोही भरपूर खाल्ला तर पोटात त्याचा घट्ट गोळा होतो. यापुढे शेणखत, गांडूळखत घाला.

दटावण्याचं म्हणाल, तर खड्डा सकाळी अकराचा आणि ओरडा संध्याकाळी सातचा. त्याची सांगड चिकूला कशी लागावी? कान पाडतो तो तुमच्या आवाजाला भिऊन.

शिवाय उकरणं ही त्याची खोड नाही, खानदानी धंदा आहे. ‘डॅशहंड’ या नावातलं जर्मन ‘डाक्स’ म्हणजे बॅजर, बिळात राहणारा प्राणी. त्याच्या बिळात शिरण्यासाठीच ही आखूड पायांची जात तयार केली. तेव्हा उकरणं बंद करायच्या मागे न लागता त्याला जागा नेमून द्या. सावलीत चार बाय तीन फुटांचा, फूटभर खोल चौकोन आखा. पंधरा-वीस घमेली वाळू टाका. पहिले आठ दिवस त्याच्या देखत भाकरीचा तुकडा, जुना चेंडू वरवरच पुरा. सापडला की तोंडभर कौतुक करा. वाफ्यात पाय घालताना दिसला, तर न ओरडता उचलून वाळूत नेऊन ठेवा. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या बाजूला. यांची पाठ लांब, मणके नाजूक. वाफ्यांवर कोंबड्यांची जाळी अंथरून वर दोन बोटं माती टाका. कापलेली टोकं खाली वळवा, नाहीतर नखं अडकतील. सकाळी ऊन चढायच्या आत अर्धा तास फिरवा आणि वाटेत मनसोक्त हुंगू द्या. दिवसभर एकट्या कुत्र्यानं करायचं तरी काय?

सगळेच खड्डे मात्र खतामुळे पडत नाहीत. आमची गावठी राणी दर एप्रिलमध्ये पाण्याच्या टाकीमागे उकरायची. मी तीनदा बुजवला. चौथ्यांदा दुपारी दोनला चप्पल न घालताच मागे गेले, तर फरशीवर पाय ठेववेना. राणी खड्ड्यातल्या ओल्या मातीला पोट लावून, जीभ बाहेर काढून घोरत होती. तो खड्डा मग मी राहू दिला. चिकू उकरून तिथंच लोळत असेल, तर त्यालाही उकडतंय असं समजा. भिंतीच्या कडेनं एकाच जागी तासन्‌तास नाक खुपसत असेल, तर खाली घूस असेल. तिच्यासाठी पिंजरा लावा, विषाच्या वड्या नकोत.

पेंडीचं पोतं फेकून दिलं असेल, तर जिथून आणलंत त्या दुकानदाराला विचारा. हे मात्र आजच.