काजूच्या बागेत ठिपक्यांची दोन पिल्लं सापडली आहेत. बिबट्याची असतील का? त्यांचं काय करावं?

आधी ग्रास कटर बंद करायला सांगा, मग बाकीचं वाचा.

तुम्ही लिहिलंय की सिंधुदुर्गात दोडामार्गजवळच्या बागेत बेणणी करताना, म्हणजे गवत-झुडूप कापताना, करवंदीच्या जाळीत दोन पिल्लं दिसली. घरच्या मांजराच्या पिल्लाएवढी, पिवळसर अंगावर काळे ठिपके, शेपटीवरसुद्धा ठिपके. गडी म्हणतात बिबट्याची, आणि आता बागेत पाय ठेवायला तयार नाहीत. वर्णनावरून मला ती वाघाटीची, म्हणजे ठिपक्यांच्या छोट्या रानमांजराची वाटतात. बिबट्याचं पिल्लू लहान असलं तरी थोराड दिसतं. पंजे जाड, तोंड बोथट, अंगावर लोकरीसारखी लव आणि ठिपके इतके दाटीने की एकमेकांत मिसळल्यासारखे. वाघाटीचं पिल्लू किडकिडीत असतं. डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यापासून वर दोन पांढऱ्या रेघा, कपाळावरून मानेकडे गेलेले काळे पट्टे. गड्यांना सांगा, या पिल्लांची आई समोर आलीच तर ती तीन-चार किलोची असेल, आणि तुम्हाला बघून तीच आधी पळेल.

नावाचा घोळ मात्र खरा आहे. आपल्याकडे वाघाटी दोन जनावरांना म्हणतात. एक लेपर्ड कॅट, जी बहुधा तुमच्याकडे आहे. दुसरी रस्टी-स्पॉटेड कॅट. तिच्या अंगावर तांबूस ठिपके असतात, शेपटीवर जवळजवळ नसतातच, आणि वजन साधारण दीड किलोच्या आत. जगातल्या सगळ्यांत लहान रानमांजरांत तिची गणना होते, आणि भारत, नेपाळ, श्रीलंका सोडून ती कुठेच नाही. घाटावर जुन्नरकडे ऊसतोडीत पिल्लं सापडल्याच्या बातम्या येतात, त्यातली बरीच हिची. तिसरं आपलं बाऊल, म्हणजे लांब पायांचं, बिनठिपक्यांचं रानमांजर. (आणि घाटावर आषाढी द्वादशीला भाजी करतात ती वाघाटी म्हणजे काटेरी वेल. तिचा इथे संबंध नाही, पण गुगल करताना तीच आधी दिसेल.)

हात लावू नका असं मी ठामपणे सांगतो, कारण मी स्वतः लावला होता. बरीच वर्षं झाली. आमच्या मांगराजवळच्या (बागेतल्या खोपटाजवळच्या) गवताच्या उडवीत अशीच दोन सापडली. आई जवळपास दिसेना, म्हणून टाकून गेली असं समजून घरी आणली आणि कापसाच्या बोळ्याने गाईचं दूध पाजलं. तिसऱ्या दिवशी एक हगवणीने मेलं. दुसरं वनखात्याच्या माणसांकडे दिलं. ते जगलं, पण माणसाची इतकी सवय लागली की पुन्हा सोडता आलं नाही. आई टाकून गेलीच नव्हती. ती एकटीच पिल्लं वाढवते, तेव्हा शिकारीला गेली की पिल्लं तास न् तास एकटी पडणारच.

नंतर शेजाऱ्याच्या बागेत सापडली तेव्हा शहाणपणा आला होता. पिल्लं सापडली त्याच जागी उथळ टोपलीत ठेवली, झाडाला कॅमेरा बांधला आणि दिवस मावळायच्या आत सगळे निघून आलो. चित्रीकरणात दिसलं ते असं: आई रात्री दोनच्या सुमारास आली, पण टोपलीकडे लगेच गेलीच नाही. कॅमेऱ्याच्या कडेला नुसती बसून राहिली, कान रस्त्याच्या दिशेने. मग एकाला मानगुटीला धरून नेलं. दुसऱ्यासाठी परत यायला तिला वीसेक मिनिटं लागली, तेवढा वेळ ते टोपलीत उभं राहून ओरडत होतं. तुमची पिल्लं अजून जाळीतच असतील तर टोपलीचीही गरज नाही. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा, त्या जाळीच्या आसपास दोन-चार दिवस काम थांबवा आणि कुत्रा बांधून ठेवा. जागा धोक्याची वाटली की ती स्वतःच पिल्लं हलवते. दोन्ही वाघाट्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे त्यांना बिबट्याइतकंच संरक्षण आहे. पाळायचा विचार मनात असेल तर तो सोडा.

आता तुमचा दुसरा प्रश्न: जंगल सोडून ती बागेत कशाला आली? तिच्या दृष्टीने ती जंगल सोडून आलेलीच नाही. खाली गवत-झुडूप असलेली काजूची बाग, बाजूने व्हाळ (ओढा), आणि भरपूर उंदीर, एवढं तिला पुरतं. सरिस्कामध्ये बाऊलच्या खाण्याचा अभ्यास झाला होता, त्यात एक जनावर दिवसाला तीन ते पाच उंदीर खातं असा हिशोब निघाला. वाघाटीचंही मुख्य खाणं तेच, शिवाय पक्षी, सरडे. दिसत नाही कारण ती रात्रीची हिंडते आणि आपण दिवसा बेणतो.

धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत तुमच्याकडची वाघाटी, म्हणजे लेपर्ड कॅट, ‘चिंता नाही’ या वर्गात आहे, आणि तिथेच फसगत होते. ती रशियाच्या अतिपूर्वेपासून इंडोनेशियाच्या बाजूपर्यंत पसरलेली आहे, म्हणून चिंता नाही. पण तिला कोरडा उन्हाळा झेपत नाही. मध्य भारताचा तापलेला पट्टा मध्ये आल्यामुळे सह्याद्रीतल्या वाघाट्या हिमालयाकडच्या वाघाट्यांपासून तुटलेल्या आहेत. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासातही हे दोन गट वेगळे निघाले. बाऊलचं तसं नाही, ते उन्हातान्हात सगळीकडे तग धरतं. म्हणजे सह्याद्रीतल्या वाघाट्या घटल्या तर उत्तरेकडून चालत येऊन कोणी भर घालणार नाही.

आणि घटायला कारणं आपल्याच आवारात आहेत. तिलारीत २०२० साली २९.५३ चौरस किलोमीटरचं संवर्धन राखीव क्षेत्र झालं, सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात वृक्षतोडीला उच्च न्यायालयाने २०१३ मध्येच मनाई केली. चांगलंच झालं. पण तुमची जाळी तोडायला झाड तोडावं लागत नाही, तणनाशकाचा एक पंप पुरतो. रबराच्या बागेत तर खाली लपायला बहुधा काही उरतच नाही. मी व्हाळाच्या काठाने दहा-बारा हातांची पट्टी बेणायची सोडली आहे. बोंडू (काजूची फळं) गोळा करायला थोडा त्रास होतो, गडी कुरकुरतात, पण उत्पन्नात मला फरक जाणवला नाही. उंदरांचं औषधही बंद केलं, कारण विष खाल्लेला उंदीर सुस्तावतो आणि तोच आधी तिच्या तोंडी लागतो.

तुमच्या कोंबड्या बागेतच असतील तर खुराड्याचं दार रात्री नीट लावा. संधी मिळाली तर ती एखादी उचलते, खोटं कशाला बोलू.