हेन्शिन, कायापालट आणि पालथं पडणारं बाळ

प्रश्न असा आला आहे: "माझा सहा वर्षांचा मुलगा आणि मी जुनी जपानी 'कामेन रायडर' मालिका बघतो. पडद्यावरचा नायक 'हेन्शिन!' म्हणाला की मुलगा कमरेला ओढणी बांधून तसाच ओरडतो. सासूबाईंनी विचारलं, हेन्शिन म्हणजे काय गं? मी म्हटलं रूपांतर, हे म्हणाले अवतार, आणि नणंदबाई म्हणाल्या परिवर्तन. कोण बरोबर? आणि मराठीत तो हेन्शिन, ती हेन्शिन की ते हेन्शिन?"

तिघंही चुकलात. शब्द मराठीत केव्हाचा आहे: कायापालट. हेन्शिनमधलं 'हेन्' म्हणजे पालटणं आणि 'शिन्' म्हणजे काया. जपानी आणि मराठी या दोन भाषांचे शब्द इतके अक्षराला अक्षर जुळलेले मी फार थोडे पाहिले आहेत. तरी तुमच्या घरात तीन माणसांपैकी एकालाही तो आठवला नाही. यात तुमचा दोष नाही. बातम्यांनी तो शब्द पार झिजवून टाकला आहे. 'बसस्थानकाचा कायापालट', 'उद्यानाचा कायापालट', 'रस्त्यांचा कायापालट होणार'. अहो, बसस्थानकाला काया कुठे असते? रंग दिला, फरशी बदलली, दिवे लावले, तर त्याला डागडुजी म्हणा, नूतनीकरण म्हणा. काया ज्याला आहे त्याचाच कायापालट होतो. गेली वीस वर्षं मी हे मथळे वाचतो आहे आणि दर वेळी तितकीच चीड येते.

तुमचे तीन शब्द चटकन बाजूला करतो. रूपांतर आपल्याकडे नाटकाचं होतं, इंग्रजी नाटक मराठीत आणलं की. रूप म्हणजे दिसणं, आणि इथे नुसतं दिसणं बदलत नाही. परिवर्तन समाजात होतं, हृदयात होतं. अवतार म्हणजे मुळात खाली उतरणं. १९६६ च्या जपानी मालिकेतल्या 'अल्ट्रामॅन'ला तो शब्द एक वेळ चालेल, कारण तो खरोखरच आकाशातून उतरतो, एम-७८ नावाच्या तेजोमेघाकडून. रायडर कुठूनही उतरत नाही. शिवाय घरात 'हा काय अवतार केलायस!' हे वाक्य मुलाने आजवर शंभरदा ऐकलं असेल. अवतार म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे विस्कटलेले केस येतील, वीर येणार नाही.

मग रायडरचं काय होतं? मालिकेच्या सुरुवातीचं निवेदन तेच सांगतं: होंगो ताकेशी, म्हणजे रायडर, हा 'काइझो निंगेन' आहे. 'काइझो' म्हणजे मोडून नव्याने घडवणं, 'निंगेन' म्हणजे माणूस. शॉकर नावाच्या गुप्त संघटनेने त्याला पळवून नेलं आणि शस्त्रक्रिया करून त्याचं शरीरच नव्याने रचलं. वर दिसतो तो मुखवटा नाकतोड्याचा, पण आत जे बदललं आहे ती काया आहे.

आता 'काया' हा शब्द जरा जवळून बघा, कारण खरी गंमत तिथे आहे. पाणिनीच्या ३.३.४१ या सूत्रात 'काय' हा शब्द 'चि' धातूपासून साधला आहे. चि म्हणजे रचणं, गोळा करणं, थरावर थर ठेवणं. संचय त्यातूनच, चिता त्यातूनच, चयापचयातला चयही त्यातलाच. बौद्धांच्या पाली ग्रंथसंग्रहांची दीघनिकाय, मज्झिमनिकाय ही नावं घ्या. तिथला निकाय म्हणजे सुत्तांची, बुद्धाच्या उपदेशांची रास. तेव्हा काया म्हणजे रचून झालेली वस्तू. होंगो ताकेशीला 'रचलेला माणूस' म्हणणाऱ्या निवेदकाला हे सूत्र ठाऊक असण्याचं कारण नाही, पण त्याचं वाक्य पाणिनीच्या सूत्रावर चपखल बसतं.

बौद्ध ग्रंथ चिनी भाषेत गेले तेव्हा भाषांतरकारांनी 'काय' या शब्दासाठी जे अक्षर निवडलं, तेच जपानी वाचनात 'शिन्' होतं. त्रिकाय, म्हणजे बुद्धाच्या तीन काया, झालं सानशिन, धर्मकाय झालं होश्शिन. आणि बुद्ध लोकांसाठी जे शरीर निर्माण करतो, ते निर्माणकाय, त्याला केशिन म्हणतात. त्याचंच दुसरं नाव हेंगेशिन, म्हणजे पालटून घेतलेली काया. हेंगेशिन आणि हेन्शिन. यातलं 'गे' काढा आणि मोठ्याने म्हणून बघा. माझं स्पष्ट मत आहे की जपानी कानाला हेन्शिन या शब्दात जो भारदस्तपणा जाणवतो, तो देवळातून आलेला आहे.

यावर आक्षेप घेणारे जाणकार आहेत. त्यांचं म्हणणं, हेन्शिन हा साधा शब्द आहे, काफ्काच्या किडा झालेल्या माणसाच्या कथेचं जपानी नावही हेन्शिनच आहे, त्यात बुद्ध कशाला आणता? मी म्हणतो, त्या कथेतही पालटते ती कायाच ना? उदाहरण माझ्या बाजूचं आणि मांडता माझ्याविरुद्ध! शब्द रोजच्या वापरात आला म्हणून त्याचं कूळ पुसलं जात नाही. आपण 'चयापचय' डॉक्टरकडे बसून म्हणतो, म्हणून त्यातला चि धातू पळून गेला का?

असो. मालिकेकडे येतो, कारण या साध्या शब्दाची आरोळी कशी झाली ते तुमच्या मुलाला नक्की आवडेल. ३ एप्रिल १९७१ ला, शनिवारी संध्याकाळी, पहिला भाग दाखवला गेला. कल्पना इशिनोमोरी शोतारो यांची, निर्मिती तोएई कंपनीची. सुरुवातीच्या भागांत कुणी 'हेन्शिन' म्हणून ओरडतच नाही! मोटरसायकल भरधाव सुटायची, वारा कमरेच्या पट्ट्यावरच्या भिरभिऱ्यात शिरायचा, भिरभिरं फिरायचं आणि कायापालट व्हायचा, तोही मुकाट्याने. मग चित्रीकरणात मोटरसायकलचा अपघात होऊन नायकाचं काम करणारे फुजिओका हिरोशी यांचा पाय मोडला. चौदाव्या भागापासून, ३ जुलै १९७१ ला, दुसरा रायडर आणावा लागला: इचिमोंजी हायातो, म्हणजे नट सासाकी ताकेशी. त्यांच्याकडे मोटरसायकल चालवण्याचा परवाना नव्हता. आता वारा आणायचा कुठून? मारामारीची दृश्यं बसवणाऱ्या ताकाहाशी काझुतोशी यांनी हातांची एक खूण बसवून दिली आणि तिच्या जोडीला शब्द आला, हेन्शिन.

ती खूण अशी. दोन्ही हात उजवीकडे आडवे, सरळ ताणायचे. मग डोक्यावरून मोठं अर्धवर्तुळ काढत डावीकडे न्यायचे. तिथे कोपरं वाकवून मुठी आवळायच्या, डावी मूठ वर, उजवी छातीपुढे आडवी. 'हेन्' हात फिरताना लांबवायचा, 'शिन्' मूठ आवळताना तोडायचा. मोटरसायकल सहा वर्षांच्या मुलाकडे नसते, हात असतात. जपानभरच्या मुलांनी ती खूण उचलली. शाळेच्या मैदानात, गल्लीत, घरच्या जिन्यावर, जिथे पाहावं तिथे हेन्शिन. त्या काळाला जपानीत नावच पडलं, 'हेन्शिन बूम'. पुढच्या वर्षी तर एका नव्या मालिकेच्या नावातच हेन्शिन आलं, 'हेन्शिन निन्जा आराशी'. फुजिओका बरे होऊन १ एप्रिल १९७२ च्या ५३ व्या भागापासून पुन्हा मुख्य नायक झाले, तेव्हा त्यांच्या पहिल्या रायडरलाही स्वतःची खूण द्यावीच लागली. खुणेशिवायचा कायापालट आता मुलांनी मानलाच नसता. मालिका ९८ भाग चालली, १० फेब्रुवारी १९७३ पर्यंत.

मोठ्यांची प्रतिक्रिया वेगळी होती. उड्या मारून मुलं हातपाय मोडून घेत होती, पालक धास्तावले होते. कॅल्बी कंपनीचं २० येनचं रायडर-खाऊचं पाकीट निघालं, त्याबरोबर रायडरचं एक कार्ड. मुलं कार्ड ठेवायची आणि खाऊ फेकून द्यायची, आणि मोठी माणसं संतापायची. पट्ट्याची खेळणीही आली. ज्यात दिवा लागून भिरभिरं खरंच फिरतं असा पट्टा मिळाला तेव्हाच मुलं निवली. मला त्या मुलांचं मन कळतं. त्यांना रायडरसारखं दिसायचं नव्हतं, त्यांना पालटायचं होतं. रूपांतर हा शब्द इथे तोकडा पडतो तो याच जागी.

आणि आता 'पालट'. इथे मी थोडा वेळ घेणार आहे.

आपले काही व्युत्पत्तिकार 'पालट' हा शब्द 'परिवर्त'वरून आणतात. अर्थ जुळतो म्हणून डोळे मिटून आणतात. ध्वनी बघायचे कुणी? परिवर्तचं प्राकृतात परिअट्ट होतं. त्यात ल कुठून आला ते एकाने तरी सांगावं. बाराव्या शतकात हेमचंद्र या जैन पंडिताने आपल्या व्याकरणाच्या आठव्या, प्राकृतावरच्या अध्यायात हा प्रश्न सोडवून ठेवला आहे. दुसऱ्या पादातलं ६८ वं सूत्र म्हणतं: पर्यस्त, पर्याण आणि सौकुमार्य या शब्दांत र्य चा ल्ल होतो. पर्याणचं पल्लाण झालं, तेच आपलं घोड्यावरचं पालाण, म्हणजे खोगीर. पर्यस्तचंही तसंच. आणि त्याच पादातलं ४७ वं सूत्र सांगतं की पर्यस्तमधल्या स्त चा एकदा थ होतो, एकदा ट. रूपं दोन: पल्लत्थ आणि पल्लट्ट.

थांबा आणि ही दोन रूपं पुन्हा म्हणा. पल्लत्थ म्हणजे आपला पालथा. पल्लट्ट म्हणजे आपला पालट. एकाच शब्दाची ही जुळी लेकरं मराठीने आठशे वर्षं घरात सांभाळली, दोघांना वेगळी कामं दिली, आणि आपण त्यांना भाऊ म्हणून ओळखतही नाही. (या ल साठी पलंगाचा दाखला देणाऱ्यांनी मात्र जपून राहावं. पल्लंक हा हेमचंद्राने पल्यंकातून वेगळा काढला आहे, आणि पल्यंकात ल आधीपासूनच आहे. अर्धवट वाचून सूत्रं फेकू नयेत.)

पर्यस्त म्हणजे फेकून फिरवलेलं, उलथलेलं. म्हणून पालट या शब्दात नुसता बदल नाही, त्यात गती आहे, गिरकी आहे. पालखीचे भोई खांदेपालट करतात तेव्हा वजन एका खांद्यावरून दुसऱ्यावर जातं. आजाऱ्याला हवापालटासाठी नेतात तेव्हा माणूस जागचा हलतो. चार-पाच महिन्यांचं बाळ सतरंजीवर असतं, एक पाय वर नेतं, कंबर वळते, हात अंगाखाली अडकतो, चेहरा लाल होतो, आणि एकदम बाळ पालथं! घरभर हाका जातात. तो माणसाचा पहिला कायापालट, आणि त्या क्षणाला आपण जो शब्द वापरतो तो पालटचाच सख्खा भाऊ आहे. रायडर हात उजवीकडून डोक्यावरून डावीकडे नेतो आणि उडी घेऊन हवेत कोलांटी मारतो, तेव्हा तो शब्दशः पर्यस्त होत असतो. ती खूण बसवणाऱ्याने शरीर फिरवूनच शरीर बदलायचं ठरवलं. परिवर्तवाल्यांनी ती खूण एकदा आरशासमोर करून पाहावी.

आणि पालाणही सोडू नका. रायडर म्हणजे स्वार. स्वाराचं पालाण आणि त्याच्या कायेचा पालट हे दोन्ही शब्द हेमचंद्राने एकाच सूत्रात शेजारी बसवले आहेत. हे मला पहिल्यांदा दिसलं त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो.

लिंगाचं राहिलं. परभाषेतली असली नामं मराठीत बहुधा नपुंसकलिंगी होतात, म्हणून 'ते हेन्शिन', 'त्याचं हेन्शिन झालं' चालेल. जपानीतही 'हेन्शिन करणे' असंच क्रियापद आहे, तेव्हा 'रायडरने हेन्शिन केलं' हेही ठीक. कायापालट मात्र पुल्लिंगी: त्याचा कायापालट झाला. सासूबाईंना एवढं सांगा, त्यांना लगेच कळेल.

मुलाला मराठीत ओरडायचं असेल तर 'कायापालट' लांब पडेल, मूठ आवळेपर्यंत संपणार नाही. त्याला नुसतं 'पालट!' शिकवा. ते नामही आहे आणि आज्ञाही. 'पाऽऽ' हात फिरताना लांबवायचा, 'लट्' मूठ आवळताना तोडायचा.