नगरपरिषद छोट्या धंद्याला खरंच काही मदत करते का?

तुम्ही विचारलंय की घरपट्टी, पाणीपट्टी वेळेवर भरतो, पण नवरा-बायकोला मिळून पोळीभाजीची गाडी टाकायची तर नगरपरिषद काही करते का, की नुसता करच घेते. मी गेली काही वर्षं बचत गटाच्या कामासाठी नगरपरिषदेत ये-जा करते आणि माझ्या सासूबाईंनी आयुष्यभर भाजी विकली. त्या दोन्ही अनुभवांवरून सांगते.

मदत करते, पण रोख पैसे देऊन नाही. 74व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची, म्हणजे पालिकांकडे सोपवता येणाऱ्या कामांची यादी, आली. त्यातल्या 18 विषयांत ‘आर्थिक व सामाजिक विकासाचं नियोजन’ हाही एक विषय आहे. कागदावर जबाबदारी मोठी आहे, पण जकात गेल्यापासून नगरपरिषदा बऱ्याचशा सरकारी अनुदानावर चालतात, त्यामुळे कुणाच्या हातात भांडवल ठेवायला त्यांच्याकडे पैसा नसतो. त्यांच्या हातात आहे ती जागा, आणि त्या जागेवर तुमचा हक्क आहे असं म्हणणारा कागद. माझ्या मते छोट्या धंद्याला कर्जाच्याही आधी याच दोन गोष्टी लागतात.

सासूबाई रस्त्याच्या कडेला पोतं अंथरून बसायच्या. दुपारी दोनच्या उन्हात मेथीच्या जुड्या माना टाकायच्या, मग उरलेला माल निम्म्या भावात. मंडईत त्यांना ओटा मिळाला तो जेमतेम दोन माणसं बसतील एवढा. पण डोक्यावर पत्रा आणि चार ओट्यांमागे एक नळ. दर तासाला पाणी शिंपडलं की तीच मेथी संध्याकाळी ऑफिस सुटेपर्यंत टवटवीत राहायची आणि पूर्ण भावात जायची. एका पत्र्याने आणि एका नळाने आमच्या घरात फरक पडला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून कुणी विचारलं की पालिकेने काय करावं, तर मी आधी ओटे, नळ, दिवे आणि वाहती गटारं म्हणते.

आता तुमच्या गाडीचं. गाडीसाठी 2014 चा पथविक्रेता कायदा नीट समजून घ्या. त्यानुसार पालिकेने निदान दर पाच वर्षांनी विक्रेत्यांचं सर्वेक्षण करायचं असतं आणि यादीत आलेल्यांना पथविक्री प्रमाणपत्र द्यायचं असतं. नगर पथविक्रेता समितीत 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनीच निवडून दिलेले हवेत, त्यातल्या एक तृतीयांश जागा बायकांच्या. तुमच्या गावचे प्रतिनिधी कोण ते शोधा आणि गाडी कुठे लावता येईल हे आधी त्यांना विचारा. ‘ना-फेरीवाला क्षेत्रा’त पैसे घालून बसलात तर गाडी उचलली जाऊ शकते आणि मग दाद मागणं अवघड जातं.

कर्जासाठी पीएम स्वनिधी ही पथविक्रेत्यांसाठीची केंद्र सरकारची योजना आहे. जून 2020 मध्ये सुरू झाली तेव्हा पहिलं कर्ज 10 हजारांचं होतं. ऑगस्ट 2025 च्या निर्णयाने ते 15 हजार झालं, ते फेडलं की 25 हजार, मग 50 हजार. मुदत मार्च 2030 पर्यंत वाढवलीय. पैसे बँक देते, पण तुम्ही विक्रेते आहात हे पालिकेने सांगावं लागतं, प्रमाणपत्र देऊन किंवा शिफारसपत्र देऊन. वेळेवर फेडलंत तर व्याजात 7 टक्के सवलत खात्यावर जमा होते.

गाडीऐवजी पोळ्या, पापड, मसाले करण्याचं युनिट टाकणार असाल तर पालिकेपेक्षा जिल्हा उद्योग केंद्रात जा आणि पीएमईजीपीबद्दल, म्हणजे नव्या उद्योगाला कर्जासोबत अनुदान देणाऱ्या केंद्राच्या योजनेबद्दल, विचारा. त्यात अर्ज पत्नीच्या नावाने करा. महिलेला शहरी भागात 25 टक्के अनुदान आहे, ग्रामीण भागात 35. म्हणजे जागा हद्दीच्या अलीकडे आहे की पलीकडे यानेही फरक पडतो.

महिला व बालकल्याणच्या निधीतून शिवण आणि पार्लरचे वर्गही होतात. पण एकाच गल्लीत वीस जणी शिवण शिकल्या तर गिऱ्हाईक कुठून येणार, हे मी बैठकीत बोललेय आणि पुन्हा बोलेन. त्यापेक्षा आमच्या गटाला दिवाळीत आठ दिवस फराळाच्या स्टॉलसाठी शाळेचं पटांगण मिळालं, त्याचा उपयोग जास्त झाला. तेव्हाची गिऱ्हाइकं अजून चकलीसाठी फोन करतात.

एक गोष्ट मात्र आजपासूनच करा. आमच्याकडे पहिलं सर्वेक्षण झालं त्या आठवड्यात सासूबाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या आणि नाव राहून गेलं. कर्मचारी म्हणाला, तुम्ही इथे बसता याला पुरावा काय? सासूबाईंनी घरातून चहापत्तीचा पत्र्याचा डबा आणला. त्यात बाजार फीच्या पावत्या होत्या, वर्षावार दोऱ्याने बांधलेल्या, काही इतक्या जुन्या की शाई पुसट झालेली. साहेबांनी गठ्ठा सोडून तारखा वाचल्या आणि नाव यादीत घेतलं. ओटा त्या यादीवरूनच मिळाला. तेव्हा गाडी लावाल त्या पहिल्या दिवसापासून फीची पावती मागून घ्या, मोबाइलवर फोटो काढा आणि मूळ कागद एका डब्यात ठेवा.