थ्रॉनचा सिनेमा का होत नाही?

प्रश्न : टिमथी झान यांच्या थ्रॉन-त्रयीवर, म्हणजे साम्राज्याचा धूर्त सेनापती थ्रॉन याच्या तीन कादंबऱ्यांवर (१९९१ ते १९९३), ‘स्टार वॉर्स’चे तीन चित्रपट सहज झाले असते. मग का झाले नाहीत?
— एक वाचक, नाशिक

सहज झाले नसते. ही गोष्ट ‘रिटर्न ऑफ द जेडाय’ (१९८३) या चित्रपटानंतर पाच वर्षांनी घडते आणि ल्यूक, लेया, हान ही मूळ चित्रपटांतली तिन्ही प्रमुख पात्रं तिला सतत लागतात. पहिलं पुस्तक आलं तेव्हा हान साकारणारे हॅरिसन फोर्ड पन्नाशीला टेकले होते. डिस्नीने २०१२ साली लुकासफिल्म विकत घेतली तेव्हा सत्तरीला. नवे नट घ्यावेत, तर प्रेक्षक पहिला अर्धा तास चेहरे ताडून बघण्यातच घालवणार. शिवाय २०१४ मध्ये जुन्या कादंबऱ्यांवर ‘लेजेंड्स’ (अधिकृत कथेबाहेरच्या) असा शिक्का मारून त्या बाजूला काढल्या गेल्या आणि पुढच्याच वर्षीच्या चित्रपटाने तिघांचं उतारवय वेगळंच रंगवलं.

दुसरी अडचण खुद्द थ्रॉनची. शत्रूच्या जमातीची चित्रं-शिल्पं न्याहाळून तो त्यांची लढण्याची रीत ओळखतो. कागदावर हे विलक्षण वाटतं. पडद्यावर मात्र एक माणूस चित्रासमोर उभा राहून बोलतोय, एवढंच दिसतं. झाननी त्याच्याशेजारी कॅप्टन पेलियन हा प्रश्न विचारणारा श्रोता ठेवला, म्हणून निदान संवाद तरी होतो. असा प्रसंग चित्रपटात दोनदा रंगेल. पाचव्यांदा तो शाळेतला तास वाटू लागेल. ‘रेबल्स’ (२०१६) आणि ‘अहसोका’ (२०२३) या मालिकांनी थ्रॉनला घेतलं आणि त्रयीचं कथानक सोडून दिलं. बरं केलं.

प्रश्न : फ्रँचायझीतली (गाजलेल्या चित्रपट-मालिकांच्या विश्वावर लिहिलेली) कादंबरी पडद्यावर नीट उतरल्याचं एखादं उदाहरण आहे का?
— एक वाचक, ठाणे

आहे, आणि पटकथा लिहिणाऱ्याने ते शेजारी-शेजारी ठेवून अभ्यासावं असं आहे. पॉल कॉर्नेल यांची ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश टीव्ही मालिकेवरची कादंबरी ‘ह्यूमन नेचर’ १९९५ साली आली. २००७ मध्ये त्यांनीच तिचे टीव्हीसाठी दोन भाग लिहिले. परग्रहावरून आलेला नायक डॉक्टर माणूस होतो, स्वतःची खरी ओळख विसरून पहिल्या महायुद्धाआधीच्या इंग्लंडमधल्या एका शाळेत शिकवू लागतो आणि प्रेमात पडतो, हा गाभा दोन्हीकडे सारखाच.

बदल झाला तो कारणात. कादंबरीत सोबतीण बर्निस हिचा प्रियकर गेलेला असतो. ते दुःख समजून घ्यावं म्हणून डॉक्टर आपणहून माणूस होतो. वाचकाला हे पुरतं, कारण आधीच्या पुस्तकांपासून तो बर्निसबरोबर आहे. टीव्हीच्या प्रेक्षकाकडे ती शिदोरी नाही. म्हणून तिथे शत्रू पाठीवर येतो, त्याचं आयुष्य जेमतेम तीन महिन्यांचं, आणि तेवढा काळ लपून काढायचा असतो. मनातलं कारण बाहेर आलं आणि गोष्टीला मुदत मिळाली. हे न करता नुसती पानं कापत बसलं की कथानक उरतं आणि घाई निघून जाते. फ्रँचायझीच्या कादंबऱ्यांची बहुतेक रूपांतरं इथेच अडखळतील.

प्रश्न : तुम्हाला निवडायला सांगितलं, तर कोणती कादंबरी घ्याल?
— एक वाचक, बेळगाव

क्लॉडिया ग्रे यांची ‘लॉस्ट स्टार्स’ (२०१५). एकाच ग्रहावर वाढलेले थेन आणि सिएना साम्राज्याच्या अकादमीत जातात. तो पुढे बंडखोरांना मिळतो, ती शपथेला चिकटून राहते. प्रमुख पात्रं नवी, त्यामुळे चेहऱ्यांचा प्रश्नच मिटतो. मोठ्या लढाया प्रेक्षकांनी आधीच पाहिलेल्या आहेत. त्या पुन्हा उभारायला नकोत, विमानाची कॉकपिट आणि जहाजाचा ब्रिज एवढ्यावर बरंच भागेल. अडचण काळाची आहे. गोष्ट दहाहून अधिक वर्षं चालते. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट. दोन तासांच्या ११०-१२० पानांत सगळं कोंबलं तर बातमीपत्र होईल. बालपण दोन प्रसंगांत आटोपावं, अकादमी आणि डेथ स्टार या साम्राज्याच्या महाकाय अंतराळस्थानकाचा नाश यांना भरपूर जागा द्यावी, होथ या बर्फाळ ग्रहावरची लढाई सरळ गाळावी.

‘स्टार ट्रेक’मधून जॉन एम. फोर्ड यांची ‘द फायनल रिफ्लेक्शन’ (१९८४) घ्यावी. नायक क्लिंगॉन या लढाऊ परग्रही जमातीतला, मालिकेचा नायक कॅप्टन कर्क जवळजवळ नाहीच. टीव्हीने पुढे क्लिंगॉन वेगळे दाखवले, त्यामुळे स्टुडिओ धजणार नाही, हा भाग वेगळा.

स्वस्तातला पर्याय हवा असेल तर ॲलन डीन फॉस्टर यांची ‘स्प्लिंटर ऑफ द माइंड्स आय’ (१९७८). पहिला ‘स्टार वॉर्स’ फारसा चालला नाही तर कमी खर्चात दुसरा भाग काढता यावा, या हिशेबानेच ती लिहून घेतली होती. म्हणून ग्रह धुक्याने भरलेला, कारण धुक्यात सेट थोडका लागतो. आणि हान सोलो गायब, कारण फोर्ड पुढच्या भागासाठी करारबद्ध नव्हते. आज मात्र ल्यूक-लेयामधली ओढ कापावी लागेल. १९८३ च्या चित्रपटात ती दोघं भावंडं निघाली!

प्रश्न : ‘स्टार ट्रेक’च्या कादंबरीवर कॉलेजच्या मित्रांसोबत लघुपट करायचा आहे. लेखकाची परवानगी पुरेल का?
— एक वाचक, पुणे

नाही. अशा कादंबऱ्यांचे हक्क सहसा लेखकाकडे नसतात. त्या कंपनीसाठी लिहून दिलेल्या असतात. कादंबरीचं कथानक उचलू नका, त्याच विश्वात स्वतःची गोष्ट रचा. चाहत्यांच्या चित्रपटांसाठी सीबीएस आणि पॅरामाउंटने २०१६ मध्ये नियम जाहीर केले. एक गोष्ट १५ मिनिटांच्या आत, किंवा जास्तीत जास्त दोन भागांत मिळून ३० मिनिटं. पुढचे भाग काढायचे नाहीत. मूळ नावात ‘स्टार ट्रेक’ नको, पण चाहत्यांची निर्मिती असल्याचं उपशीर्षक हवंच. कुणाला मानधन द्यायचं नाही, तिकीट लावायचं नाही, जुन्या भागांतली दृश्यं वापरायची नाहीत. वर्गणीची मर्यादा ५०,००० डॉलर आहे, तिची तुम्हाला चिंता नसावी. गणवेशांकडे मात्र लक्ष द्या : जो बाजारात अधिकृत मिळतो, त्याची नक्कल विकत घेऊन चालत नाही. घरी शिवलेला चालतो.