नऊ एमएम सोडा, आधी शर्टाचं बघा

प्रश्न: नमस्कार भाऊ, नागपूरच्या कळमना बाजारात माझी अडत आहे, संत्र्याच्या सीझनमध्ये रोकड घेऊन रात्री उशिरा घरी जावं लागते. आमच्या लाइनीतल्या एकाला रस्त्यात अडवून लुटलं तेव्हापासून पिस्तुलाच्या लायसनच्या मागे लागलो होतो, आता मंजूर झालं. घ्यायचं तर एकदाच आन् टॉपचंच, पैशाचं टेन्शन नाही. व्हिडिओत पाहून सिग कंपनीचं पी३६५ पिस्तूल मनात भरलं, नाहीतर ग्लॉक १९. शर्टाखालून दिसू नये एवढंच. कोणतं घेऊ?

उत्तर: भाऊ, पसंतीला नाव ठेवायला जागा नाही. पी३६५ २०१८ मध्ये आलं, रिकामं वजन जेमतेम अर्धा किलो आणि तेवढ्याशा मापात मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या डबीत, १० काडतुसं, लपवून बाळगायला तिकडे अमेरिकेत लोकांनी ते उचलून धरलं. पण ही दोन्ही ९ एमएम, आणि ९ एमएम आपल्याकडे प्रतिबंधित बोअर, म्हणजे नळीचं हे माप सामान्य लायसनवर चालत नाही. त्याचं लायसन नागपूरचे पोलीस आयुक्त देऊच शकत नाहीत, ते केंद्रीय गृह मंत्रालयाकडून येतं, अडत्याला ते मिळेल ही आशा सोडा. उद्या कोणी कानात म्हणेल की शेठ मी आणून देतो, तर त्याला दारातूनच परत पाठवा, २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रतिबंधित शस्त्र बेकायदा सापडलं की ७ ते १४ वर्षं आत.

म्हणजे तुमचं पिस्तूल .३२ चं, हे नळीचं इंचातलं माप, ते प्रतिबंधित नाही. आता यात टॉपचं काय, तर इथे थोडी गंमत आहे. परदेशी पिस्तुलांची खासगी आयात १९८० च्या दशकात बंद झाली, त्यामुळे त्याआधी आलेलं एखादं जुनं जर्मन वॉल्थर पीपीके बाजारात आलं की लाखांत बोली लागते, आणि लोक समजतात एवढी किंमत म्हणजे माल चोखच असणार. डिझाइन उत्तमच आहे, १९३१ चं, पण तुमच्या हातात येणारा नग पन्नास वर्षं कोणाच्या कपाटात पडून होता, स्प्रिंग ढिली पडलीय का, पिन झिजलीय का, नळी आतून खाल्लीय का, हे शस्त्र दुरुस्त करणाऱ्या माणसाकडून बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका, शिवाय सुटे भाग मिळता मिळत नाहीत. मला विचाराल तर शोकेससाठी पीपीके, कमरेसाठी नवं कोरं देशी. इशापूरच्या सरकारी रायफल फॅक्टरीचं ‘अशनी’ आहे, आता खासगी कारखान्यांची .३२ पिस्तुलंही येताहेत, फिनिशिंगला नाक मुरडणारे मुरडतील. (आपल्या अंबाझरीत विचारायला जाऊ नका, यंत्र इंडिया या सरकारी संरक्षण कंपनीचं मुख्यालय तिथे असलं तरी पिस्तूल तिथे बनत नाही.)

दुकानात स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा मागे सरकणारा भाग, स्वतः ओढून बघा, या पिस्तुलांत स्लाइड तिच्या वजनावर आणि स्प्रिंगच्या जोरावरच थांबते म्हणून स्प्रिंग कडक असते, घामेजल्या हाताने ओढता आली पाहिजे. .३२ ची ताकद ९ एमएमच्या तिसऱ्या हिश्शाच्या जराशी वर, म्हणजे नेम लागला तरच उपयोग, तेव्हा उरलेले पैसे रायफल क्लबवर घालवा. काडतुसं लायसनवर लिहिली असतील तेवढीच मिळणार म्हणून घरी डमी राऊंडवर, म्हणजे दारू नसलेल्या खोट्या काडतुसांवर, हात बसवा. आणि .३२ च्या काडतुसाला मागे बारीक कड असते, मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या पुढे बसली पाहिजे, उलटी बसली की पिस्तूल ऐनवेळी अडकलंच समजा.

आता शर्टाचं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, अंगात पातळ कॉटनचा शर्ट, त्यातून अर्ध्या किलोच्या वरचा लोखंडी तुकडा दिसणारच, म्हणून शर्ट एक साइज मोठा, रंग गडद, बाहेर सोडलेला, आणि बेल्ट जाड, पातळ बेल्ट लोंबतो आणि सगळं उघडं पडतं. होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, चाप पूर्ण झाकणारं आणि पिस्तूल घट्ट धरणारं हवं. चामडं घाम पितं, त्यात रात्रभर पिस्तूल ठेवलं तर सकाळी गंज, उन्हाळ्यात कायडेक्सचं, म्हणजे कडक प्लास्टिकचं, बरं, आणि घरी आल्यावर रोज तेलाचं फडकं. जुन्या डिझाइनमध्ये काडतुसावर आपटणाऱ्या पिनला लॉक नसेल तर हातातून पडून गोळी सुटू शकते, तेव्हा चेंबर, म्हणजे नळीच्या मागची काडतुसाची जागा, रिकामंच ठेवा. झाकून ठेवणं ही हौस समजू नका, २०१६ च्या शस्त्र नियमांतच आहे की सार्वजनिक जागी हँडगन होल्स्टरमध्ये किंवा तशा पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि तुमच्या ताब्यात पाहिजे. गाडीच्या डिक्कीत टाकून चहाला जाणं बंद. आणि खरं सांगू का, रोकड रोज वेगळ्या वेळी, वेगळ्या रस्त्याने, दोघांनी मिळून नेली तर पिस्तुलाला हात लावायची वेळच कमी येईल.

प्रश्न: मी डॉक्टर आहे, धरमपेठेत क्लिनिक, लायसन आहे पण पिस्तुलाची स्लाइड मला ओढवत नाही. पर्समध्ये ठेवायला काय घेऊ?

उत्तर: मॅडम, रिव्हॉल्व्हर घ्या, स्लाइडची भानगडच नाही. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं ‘निर्भीक’ २०१४ मध्ये खास महिलांसाठी म्हणून काढलं, टायटॅनियम मिश्रधातूचं, ५०० ग्रॅम, तेव्हाच किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. चाप मात्र जड वाटेल, आधी ओढून बघा. काडतुसं घेताना नीट सांगा, रिव्हॉल्व्हरचं .३२ लांब असतं आणि पिस्तुलाचं आखूड, एकाचं दुसऱ्यात चालत नाही. पर्स मला पटत नाही, ती पहिल्यांदा हिसकली जाते आणि क्लिनिकमध्ये टेबलावर पडून राहते. पर्सच वापरायची तर रिव्हॉल्व्हरसाठी वेगळा कप्पा असलेली, आणि त्या कप्प्यात किल्ली, पेन काही नको.

प्रश्न: बाबा ७२ चे आहेत, त्यांच्या लायसनवर जुनं इंग्लिश .३२ पिस्तूल आहे. माझ्या नावावर होईल का?

उत्तर: होऊ शकतं. लायसनधारक ७० वर्षांचा झाला किंवा शस्त्र २५ वर्षं त्याच्याकडे असलं, यातलं जे आधी होईल तेव्हापासून वारसाला अर्ज करता येतो. भावंडांची ना हरकत घेऊन ठेवा, पोलीस पडताळणी, ट्रेनिंग, मेडिकल तुम्हालाही लागणारच, आणि एका माणसाकडे दोनपेक्षा जास्त शस्त्रं चालत नाहीत. तुमचं लायसन हातात येईपर्यंत ते बाबांचंच, तपासायला दुकानात न्यायचं असलं तरी बाबांना गाडीत बसवून न्या.