बिल्ड पाइपलाइन वेबहुकने पेजरड्यूटीला जोडायची तर नुसता यूआरएल टाकून भागते का?

तुम्ही लिहिले आहे की तुमच्या टीमची बिल्ड पाइपलाइन (कोड बांधून, तपासून पुढे पाठवणारी साखळी) जेन्किन्सवर चालते, इन्सिडेंटसाठी, म्हणजे तातडीच्या बिघाडांसाठी, नुकतीच पेजरड्यूटी ही अलर्ट पाठवणारी सेवा घेतली आहे, बिल्ड फेल झाला की ऑन कॉल, म्हणजे पाळीवर असलेल्याच्या फोनवर अलर्ट जायला हवा, आणि तुमचे वरिष्ठ म्हणतात की वेबहुकचा (घटना घडली की आपोआप संदेश पाठवण्याच्या सोयीचा) यूआरएल टाकला की झाले, पाच मिनिटांचे काम आहे. हे खरे मानावे का, असा तुमचा प्रश्न आहे. हेच वाक्य मी पूर्वी एका मीटिंगमध्ये ऐकले आहे आणि त्याचे बिल पुढे सोलापूरच्या नावावर फाडले गेले, म्हणून हे उत्तर थोडे लांबणार आहे.

अलर्ट पाठवण्यापुरते तुमचे वरिष्ठ बरोबर आहेत. मध्ये वेगळा सर्व्हर लागत नाही. जेन्किन्सफाइल म्हणजे पाइपलाइनच्या पायऱ्या लिहिलेली फाइल; तिच्यातल्या, बिल्ड संपल्यावर चालणाऱ्या पोस्ट ब्लॉकमध्ये कर्लची (वेब विनंती पाठवणाऱ्या साधनाची) एक आज्ञा लिहून पेजरड्यूटीच्या इव्हेंट्स एपीआयच्या दुसऱ्या आवृत्तीला जेसन, म्हणजे ठरावीक साच्यातला मजकूर, पाठवता येते. त्यात रूटिंग की (अलर्ट पेजरड्यूटीतल्या कोणत्या सर्व्हिसकडे जायचा ते ठरवणारी गुप्त की), ‘ट्रिगर’ ही कृती आणि पेलोडमध्ये, म्हणजे मुख्य मजकुरात, समरी, सोर्स व सिव्हिअ‍ॅरिटी एवढे दिले की पुरते. सिव्हिअ‍ॅरिटीसाठी क्रिटिकल, एरर, वॉर्निंग आणि इन्फो हे चारच शब्द चालतात. उत्तरादाखल २०२ हा कोड आला तर इव्हेंट स्वीकारला गेला एवढाच त्याचा अर्थ, कोणाचा फोन वाजला असा नव्हे. इथपर्यंतचे काम खरोखर चहा संपायच्या आत होते.

वेळ द्यावा लागतो तो डीडप कीला, म्हणजे कोणते ट्रिगर एकाच अडचणीचे हे ओळखण्याच्या खुणेला. ही की ऐच्छिक असल्यामुळे बहुतेक जण तिच्याकडे लक्षच देत नाहीत. एखाद्या कीने अलर्ट उघडलेला असताना त्याच कीने दुसरा ट्रिगर आला तर नवा इन्सिडेंट न उघडता तो चालू अलर्टमध्येच नोंदला जातो. की वेगळी असेल तर पेजरड्यूटीच्या दृष्टीने ते नवे संकट ठरते. की दिलीच नाही तर पेजरड्यूटी प्रत्येक ट्रिगरसाठी स्वतः नवी की तयार करते आणि उत्तरात परत पाठवते. म्हणजे की न देणे हाही एक निर्णयच आहे, आणि तो बहुधा चुकीचा असतो.

मी तेव्हा सोलापुरात राहून पुण्यातल्या एका कंपनीचे काम करीत होतो. मालाची आवक-जावक नोंदवण्याचे सॉफ्टवेअर आमच्या टीमकडे होते. आमच्या त्या वेळच्या टीम लीडनी ही जोडणी स्वतः केली आणि डीडप कीमध्ये जॉबच्या नावापुढे बिल्ड नंबर जोडला. त्यांचे म्हणणे असे की प्रत्येक बिल्ड ही वेगळी घटना आहे, तेव्हा प्रत्येकीची नोंदही वेगळी हवी. शिवाय बिल्ड कोणत्या ब्रांचवरचा (कोडच्या कोणत्या शाखेवरचा) आहे हे न पाहता सरसकट सगळ्यांना क्रिटिकल लावले. कीमधून बिल्ड नंबर काढावा आणि फोन वाजवणारा अलर्ट निदान मेन ब्रांचपुरता ठेवावा, असे मी टीमच्या चॅटवर लिहिले होते. उत्तर आले, ‘आधी चालू तर होऊ द्या, मग बघू.’ आपल्याकडे ‘मग बघू’ला जी मुदत असते तीच त्याला मिळाली.

सिद्धेश्वर यात्रेत भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो. उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यातून सात नंदीध्वज निघतात, पांढऱ्या बाराबंदीतल्या भक्तांनी रस्ते भरून जातात, आणि त्या भागात राहणाऱ्याने गाडी बाहेर काढण्याचा विचारही करू नये. मला बाहेर पडायचे नव्हतेच; माझी ऑन कॉलची पाळी होती, लॅपटॉप समोर होता आणि घरातले ब्रॉडबँड व्यवस्थित चालू होते. त्या दिवशी एका सहकाऱ्याच्या फीचर ब्रांचवरचा जॉब, जो दर पंधरा मिनिटांनी आपोआप चालत असे, डिपेंडन्सी, म्हणजे लागणाऱ्या लायब्ररी, उतरवण्याच्या टप्प्यावर फेल होऊ लागला, कारण त्याला हवी असलेली लायब्ररीची आवृत्ती अंतर्गत रिपॉझिटरीतून कोणीतरी काढून टाकली होती. दर पंधरा मिनिटांनी नवा बिल्ड, नवा नंबर, म्हणून नवी की आणि नवा इन्सिडेंट. फोनच्या पडद्यावर एकाखाली एक अशा ओळी होत्या : ‘बिल्ड अयशस्वी, क्रमांक ४१२’, ‘बिल्ड अयशस्वी, क्रमांक ४१३’, ‘बिल्ड अयशस्वी, क्रमांक ४१४’. जॉबचे नाव नाही, ब्रांच नाही, कोणत्या टप्प्यावर फुटला ते नाही, बिल्डचा दुवा नाही.

दुपारी त्याच यादीत, त्याच साच्यातली आणखी एक ओळ आली. ती प्रॉडक्शन डिप्लॉयची, म्हणजे खऱ्या वापरातल्या यंत्रणेवर नवी आवृत्ती चढवण्याची होती. डेटाबेसचे मायग्रेशन, म्हणजे त्याच्या रचनेतला बदल, अर्ध्यावर थांबले होते. एका टेबलातल्या कॉलमचे नाव बदलले गेले होते, पण नवे अ‍ॅप चढले नव्हते, आणि जुने अ‍ॅप जुन्याच नावाने कॉलम शोधत होते. नोंदी बंद पडल्या. मी प्रत्येक इन्सिडेंट ‘मी पाहतो आहे’ असे नोंदवून, म्हणजे अ‍ॅक्नॉलेज करून जेन्किन्समध्ये तो नंबर कोणत्या जॉबचा हे हाताने शोधत होतो, कारण अलर्टमध्ये ते लिहिलेलेच नव्हते. त्या शोधात प्रॉडक्शनच्या नंबराची पाळी यायला वेळ गेला. लॉग सापडल्यावर कॉलमचे नाव पूर्ववत करणे हे अगदी किरकोळ काम होते.

नंतर जो अहवाल निघाला त्यात कारण लिहिले होते : ऑन कॉल व्यक्ती सोलापुरात असल्याने आणि यात्रेच्या गर्दीमुळे नेटवर्क मंद असल्याने प्रतिसादास विलंब. पेजरड्यूटीमध्ये प्रत्येक इन्सिडेंटची टाइमलाइन असते. सूचना किती वाजता गेली आणि कोणी किती वाजता अ‍ॅक्नॉलेज केले हे तिच्यात स्पष्ट दिसते. ती टाइमलाइन मी जोडून पाठवली. अ‍ॅक्नॉलेजला उशीर झालेलाच नव्हता, आणि नेटवर्क मंद असते तर अ‍ॅक्नॉलेजही रखडले असते. उशीर झाला तो अ‍ॅक्नॉलेज करणे आणि ‘हा बिल्ड वेगळा आहे’ हे कळणे यांच्या मधल्या जागेत, आणि ती जागा कीमधल्या बिल्ड नंबरने व रिकाम्या समरीने तयार केली होती. अहवाल बदलला गेला नाही. पुणे-सोलापूर अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर आहे, पण त्याचा एचटीटीपी विनंतीला त्रास होत असल्याचे मी अजून पाहिलेले नाही.

तेव्हा माझा स्पष्ट सल्ला असा की डीडप की जॉबचे नाव आणि ब्रांच यांची करा, बिल्ड नंबरची नव्हे. मल्टिब्रांच पाइपलाइन असेल तर जेन्किन्सच्या जॉब नेम या व्हेरिएबलमध्ये ब्रांचचे नाव आधीच असते, वेगळे जोडावे लागत नाही. फक्त की २५५ अक्षरांच्या आत बसायला हवी, कारण काही लोक ब्रांचच्या नावात अख्खा तिकिटाचा मथळा घालतात. बिल्ड नंबर, फुटलेला टप्पा, शेवटचा कमिट (कोडमधला नोंदवलेला बदल) आणि बिल्डचा दुवा समरीत किंवा कस्टम डिटेल्समध्ये द्या. समरीचे पहिले काही शब्दच लॉक केलेल्या फोनवर दिसतात, म्हणून ‘प्रॉडक्शन’ हा शब्द अगदी सुरुवातीला हवा.

दुसरा निम्मा भाग म्हणजे इन्सिडेंट बंद करणे. बिल्ड पुन्हा पास झाला की त्याच कीने ‘रिझॉल्व्ह’ पाठवायला हवे. इथेही बिल्ड नंबर आडवा येतो, कारण पास झालेल्या बिल्डचा नंबर फेल झालेल्या बिल्डच्या नंबराशी कधीच जुळणार नाही, आणि मग माणसाला हाताने इन्सिडेंट बंद करीत बसावे लागते. आमच्या टीम लीडच्या रचनेत ही गोष्ट मुळातच अशक्य होती. ‘प्रत्येक बिल्ड वेगळी घटना’ या युक्तिवादाला माझे उत्तर तेव्हाही हेच होते आणि आजही हेच आहे. रिझॉल्व्ह पाठवण्यासाठी बरेच जण पोस्ट ब्लॉकमधली ‘फिक्स्ड’ ही अट वापरतात. ती अट चालू बिल्ड यशस्वी आणि त्याच्या लगेच आधीचा बिल्ड फेल किंवा अनस्टेबल असेल तरच लागू होते. मधला एखादा बिल्ड कोणी हाताने रद्द केला, तर आधीचा बिल्ड ‘अबॉर्टेड’ ठरतो, ‘फिक्स्ड’ चालत नाही आणि इन्सिडेंट उघडाच राहतो. म्हणून ‘सक्सेस’मध्ये दर वेळी रिझॉल्व्ह पाठवा. त्या कीचा अलर्ट उघडा नसेल तर पेजरड्यूटी ते निमूट सोडून देते, नवा इन्सिडेंट उघडत नाही.

फीचर ब्रांचचा बिल्ड फेल होणे हा इन्सिडेंट नाही, ते रोजचे काम आहे. त्याची सूचना ज्याने कमिट केला त्याला चॅटवर किंवा मेलवर गेली की पुरे. फोन वाजावा तो मेन ब्रांच अडली तर फार तर दिवसा, आणि प्रॉडक्शनचा डिप्लॉय अर्ध्यावर पडला तर कधीही. यशस्वी डिप्लॉयची नोंद मात्र जरूर पाठवा, पण ट्रिगर म्हणून नव्हे. पेजरड्यूटीमध्ये चेंज इव्हेंट हा वेगळा प्रकार आहे, तो कोणालाही उठवत नाही, आणि नंतर एखादा इन्सिडेंट उघडला की नुकतेच काय बदलले होते हे त्याच्या शेजारी पाहता येते. आमच्याकडे फोन वाजण्याची अशी वाटणी असती तर मला नंबर शोधत बसावे लागले नसते.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या आता सांगतो. रूटिंग की जेन्किन्सच्या क्रेडेन्शियल्समध्ये ठेवा आणि शेलच्या आज्ञेला दुहेरी अवतरणात लिहू नका, कारण मग ग्रूवी (जेन्किन्सफाइल जिच्यात लिहितात ती भाषा) ती की शेलला पोचण्याआधीच मजकुरात भरते आणि ती प्रोसेसच्या यादीत उघडी पडू शकते. एकेरी अवतरणात लिहिल्यास शेल स्वतः ती व्हेरिएबलमधून घेते. कर्लला ‘फेल’चा पर्याय दिला नाही तर सर्व्हरने ४०० हा चुकीचा कोड परत केला तरी कर्ल स्वतःला यशस्वी समजते आणि तुम्हाला वाटते अलर्ट गेला. पण तो पर्याय दिला आणि पेजरड्यूटीकडून उत्तर आले नाही, तर पोस्ट ब्लॉकमधली ती पायरी फेल होऊन चांगला बिल्डही लाल होतो. म्हणून वेळेची मर्यादा, मोजके पुनःप्रयत्न आणि बिल्डचा निकाल तसाच राहील अशा बेताने कॅच एरर, असे तिन्ही एकत्र लावावे. शिवाय जेन्किन्सफाइलमध्येच सिंटॅक्सची चूक असेल किंवा जेन्किन्सच बंद पडले असेल तर पोस्ट ब्लॉक चालतच नाही. अशा वेळची शांतता बाहेरून कोणीतरी मोजायला हवी : ठरावीक वेळेत बिल्डकडून खूण आली नाही तर अलर्ट, अशी वेगळी तपासणी लावा.

माझ्या टीम लीडच्या बाजूने एवढे म्हणता येईल की एकाच जॉबमध्ये आधी टेस्ट फेल झाली आणि तिचा अलर्ट उघडा असतानाच पुढच्या फेरीत मायग्रेशन फेल झाले, तर माझ्या पद्धतीत दुसरे संकट पहिल्याच्या पोटात लपते. त्यासाठी डिप्लॉयचा जॉब टेस्टच्या जॉबपासून वेगळा ठेवा, म्हणजे कीही वेगळी राहील. बिल्ड नंबर हा त्यावरचा उपाय नाही.

तुम्ही उद्या जेन्किन्स सोडून गिटहब अ‍ॅक्शन्सवर गेलात आणि रिपॉझिटरीचा वेबहुक वापरायचे ठरवले, तर मात्र ‘नुसता यूआरएल’ पुरणार नाही. गिटहब पाठवते ते जेसन आणि इव्हेंट्स एपीआयला लागते ते जेसन यांचा साचा वेगळा आहे, त्यामुळे मध्ये एक छोटी दुभाषी सेवा लागते. तिने संदेश गिटहबचाच असल्याची खात्री देणारी सही तपासायला हवी, तीही मूळ बॉडीवर, पार्स करून पुन्हा जुळवलेल्या जेसनवर नव्हे. आणि दहा सेकंदांच्या आत उत्तर द्यायला हवे, कारण तेवढ्यात उत्तर मिळाले नाही तर गिटहब ती डिलिव्हरी अयशस्वी धरते आणि आपणहून पुन्हा पाठवत नाही. कोणी पेजरड्यूटीऐवजी ऑप्सजिनी ही तशीच सेवा सुचवली तर अ‍ॅटलासियनने त्याची नवी विक्री २०२५ मध्ये थांबवली आहे आणि एप्रिल २०२७ मध्ये आधारही संपणार आहे, हे लक्षात घेऊन नव्या जोडणीत पडू नका.

जोडणी झाली की वेगळी चाचणी सर्व्हिस उघडून एका ब्रांचवर चार बिल्ड या क्रमाने चालवा : मुद्दाम फेल केलेला, पुन्हा फेल केलेला, मध्येच रद्द केलेला आणि शेवटी पास होणारा. पेजरड्यूटीमध्ये एकच इन्सिडेंट उघडून शेवटी आपोआप बंद झालेला दिसला, तर तो वरिष्ठांना दाखवून मगच खरी रूटिंग की घाला.