तारखांवरून भांडू नकोस भावा

हे बघ भावा, तू नवीन आहेस म्हणून सांगतोय, पिक्चरची रिलीज डेट जाहीर झाली की लगेच गावभर सांगत सुटू नकोस. 'पुष्पा २' आधी १५ ऑगस्ट २०२४ ला येणार होता, आम्ही सांगलीत पोरांनी सुट्टीचा प्लॅनपण करून ठेवलेला, आणि आला कधी तर ५ डिसेंबरला. 'ॲव्हेंजर्स डूम्सडे'चं पण तेच, १ मे २०२६ वरून थेट १८ डिसेंबर, आणि त्याच तारखेवर 'ड्यून'चा तिसरा भागपण बसलेला, मग काय, कोण सरकणार यावर विश्रामबागेत भडंग खात दोन तास वाद. बरं, शूटिंग संपलं म्हणजे पिक्चर तयार झाला असं नसतंय, व्हीएफएक्स म्हणजे कॉम्प्युटरवर बनवलेली दृश्यं, डबिंग, मोठे स्क्रीन मोकळे आहेत का, सुट्ट्या कुठं येतायत, सगळं बघून तारीख ठरते. त्यामुळं मी तर तिकीट बुक झाल्याशिवाय कुणाला शब्दच देत नाही.

आणि रिव्ह्यू! चाळीस मिनिटांचा व्हिडिओ, त्यात पहिली दहा मिनिटं रिव्ह्यूवाल्याला पॉपकॉर्न कसं मिळालं तेच. असले व्हिडिओ पिक्चर बघायच्या आधी बघूच नकोस, अर्धी स्टोरी फुटती. बघून आल्यावर बघ, मग मजा येते शिव्या घालायला. तू लिहिणार असशील तर स्टोरी सांगत बसू नको, ती सगळ्यांना माहितीय, इंटरव्हलला बाहेर आल्यावर दोस्ताला पहिलं काय बोललास ना, तेवढंच लिही.